तुकडा तुटेपर्यंत

गोपालने तुकड्याच्या पोटाशी तापमान मोजायची बारीक तार टेकवली, काचेच्या दोऱ्याचे दोन वेढे देऊन ती बांधली आणि वरची पकड हाताने फिरवत आणली. तुकडा करंगळीएवढा होता. दोन्ही टोकांना आटे, मधला भाग पेन्सिलीहून बारीक आणि आरशासारखा घासलेला. आता त्याच्याभोवती भट्टी मिटायची, खालच्या दांड्याला वजनं लावायची आणि लालबुंद तापलेल्या अवस्थेत तो ते वजन किती दिवस सोसतो ते पाहत बसायचं. काम एवढंच होतं.

“जपून लावा, गोपालभाऊ,” टेबलामागून उज्ज्वला म्हणाली. “तीनच तुकडे हायेत. चौथा भेटनार नाही.”

“कायचे हायेत?”

“विमानाच्या इंजिनातल्या पात्याचे. तीन वर्सांआधी एका लहान विमानाचं पातं हवेतच तुटलं व्हतं. त्याच लॉटची काही पाती गोदामात पडून व्हती, त्यातून कापले हे. प्रकरन आता कोर्टात गेलं हाये. माल खराब व्हता का नाही, ते पाह्याचं हाये त्याइले.”

गोपालचा हात पकडीवरच राहिला.

“कोनतं विमान?”

“नाव नाही सांगत ते लोक. विजयवाड्याहून हैदराबादले येऊन राह्यलं व्हतं म्हने. पायलटनं एका इंजिनावर उतरवलं.” तिने संगणकावरून मान वर केली. “काहून?”

“काही नाही.”

त्याने खालची पकड आवळली, मग अर्धा फेर सैल केली. फार आवळली तर वजन लावण्याआधीच तुकड्यावर ताण येतो. भट्टीचे दोन अर्धे भाग मिटवून त्याने कडी घातली आणि बाहेर जाऊन रांजणातलं पाणी प्यायला.

वाशिमच्या एमआयडीसीत, एका डाळ मिलच्या मागे, प्रसेनजित सरांची ही प्रयोगशाळा होती. सर स्वतः बहुतेक नागपूरला असत. इथला सगळा कारभार उज्ज्वला राठोडकडे. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची ही मुलगी. आईबाप ऊसतोडीला गेले की आजीपाशी राहून शिकली आणि नागपुरातून धातुशास्त्राची पदवी घेऊन आली. वयाने गोपालहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण कामात चोख. साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या विटा, वीज केंद्रांच्या नळ्या आणि कधीमधी इंजिनाचे धातू असं काय काय तापवून पाहायला इथे यायचं. गोपाल पूर्वी हैदराबादला इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात होता आणि मळ्यासाठी नोकरी सोडून आला, एवढंच तिला माहीत होतं. त्याच्या गावात, केनवडमध्येही, बायको अंजना सोडली तर सगळ्यांना तेवढंच माहीत होतं. त्याच्या वडिलांना, पंजाबरावांनासुद्धा.

खरं असं होतं की ते इंजिन गोपालने तपासलं होतं.

नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा इंजिनाच्या पोटात सरकवायचा आणि एकेक पातं पडद्यावर फिरवून पाहायचं, हे त्याचं काम. चार वर्षं त्याने ते केलं आणि ते त्याला मनापासून आवडायचं. त्या इंजिनाची पाती त्याने पाहिली, पास केली, आणि काही आठवड्यांनी त्यातलं एक तुटलं. विमान उतरलं. कोणी दगावलं नाही, पण आत बसलेली माणसं बरीच भेदरली होती. चौकशीत त्याला एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला गेला. पात्यावर भेग दिसली होती का?

“दिसली नव्हती,” त्याने सांगितलं होतं. “पण ती नव्हतीच, असं मी कसं म्हणू?”

दुसरं वाक्य तो बोलला नसता तर कदाचित प्रकरण लांबलं असतं. तपासणी विभागाचे प्रमुख हरिसिंग. त्यांनीच गोपालला कॅमेरा धरायला शिकवलं होतं, आणि त्यांनीच त्याला खोलीत बोलावून उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. सांगताना ते खिडकीबाहेर पाहत होते. चौकशी तिथे संपली. तपासणीत चूक झाली, असं ठरलं.

गावी आल्यावर पहिलं वर्षभर गोपाल ती पाती डोळ्यांपुढे फिरवत राहिला. कुठे एखादी केसाएवढी रेघ होती का? उजेड चुकीच्या बाजूने पडला होता का? त्या दिवशी आपण घाईत होतो का? मग हळूहळू त्याने विचारणं सोडलं आणि मान्य करून टाकलं, की रेघ असणार आणि ती आपल्याला दिसली नसणार. मान्य केल्यावर झोप लागायला लागली.

त्या संध्याकाळी अंजना ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. उद्या केनवडचा बाजार होता. गोपालने गाडी लावली, हातपाय धुतले आणि तिच्या समोर बसून जुड्या बांधायला घेतल्या. दोन-चार जुड्या झाल्यावर त्याने सांगितलं.

अंजनाचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “म्हंजे ते तुमच्याच इंजिनाचं लोखंड हाये?”

“त्याच लॉटचं. आन् लोखंड नाही ते.”

“जे असन ते. तुटलं त काय?”

“ठरलेल्या तासांच्या आधी तुटलं, त माल खराब व्हता.”

“आन् नाही तुटलं त?”

गोपालने जुडीचे देठ जमिनीवर आपटून सारखे केले.

“मंग मीच.”

“तुटू दे मंग,” अंजना म्हणाली, आणि पेंढी बांधायची सुतळी दाताने तोडली.

तेव्हापासून तो घरी आला की चप्पल काढायच्या आधी ती विचारायची, “तुटला काय?” तो मान हलवायचा. सासऱ्यांना वाटायचं, सून कुठल्या तरी यंत्राबद्दल विचारते. तसं ते खोटंही नव्हतं.

तुकडा तापत राहिला. भट्टीच्या काचेच्या खिडकीतून पाहिलं की तो आणि भोवतालचं सगळं एकाच नारिंगी रंगाचं दिसे, नुसती कड तेवढी वेगळी. बाहेरच्या तबकडीवरचा काटा दिवसभरात जेमतेम सरकायचा. तेवढ्यानेच कळायचं की तुकडा लांबतो आहे. धातू वजनाखाली असा लांबत जातो, पुष्कळ दिवस अगदी संथ, आणि शेवटी भराभर. ते भराभर कधी सुरू होतं तिकडे गोपालचं लक्ष होतं. रविवारीही तो यायला लागला. उज्ज्वलाने एकदा विचारलं, “घरी करमत नाही काय तुमाले?” तो हसला आणि बॉयलरच्या विटा मोजायला गेला.

मार्चच्या शेवटी एका दुपारी आभाळ भरून आलं. उज्ज्वला मानोऱ्याला गेली होती, तिचे आईवडील ऊसतोडीवरून परतले होते. गोपाल एकटाच होता. आधी वारा आला, मग पत्र्यावर गारा. एवढा आवाज की बाजूच्या यंत्राची घरघर ऐकू येईना. वीज गेली. जनरेटरने एकदा धक्का खाल्ला, धूर ओकला आणि तो बंद पडला.

भट्टी थंड व्हायला लागली. गोपालने पहिलं काम केलं ते वजनांखालचा जॅक वर चढवण्याचं. वजनं जॅकवर टेकली आणि तुकडा मोकळा झाला. मग तो जनरेटरकडे धावला. अंगावर गारा घेत त्याने डिझेलची नळी सोडवली, तोंडाने हवा काढली, पुन्हा जोडली. तेवढ्यात वीज आली. आली ती फार जोराने. छतावरचा एक दिवा फुटला. आत येऊन पाहतो तर भट्टीचा आकडा झपाट्याने चढत होता. स्वयंचलित कळीने तो अडवायला हवा होता, पण कळ बधिर झाल्यासारखी नुसती लुकलुकत होती.

आकडा तसाच चढू दिला असता तर तुकडा हवा त्याहून फार तापला असता, आणि नंतर वजन ठेवल्यावर लवकरच तुटला असता. किंवा जॅक एका झटक्यात खाली सोडला असता तरी पुरे होतं. वीज गेली, वीज जोरात आली, गारपीट झाली. सगळ्या वाशिमला ते माहीत होतं. कोणी काही विचारलं नसतं.

गोपालने कळ बंद केली आणि भट्टी हातावर घेतली. एक हात गोल बटणावर, डोळे आकड्यावर. थोडं वाढवायचं, थांबायचं, आकडा स्थिरावला की पुन्हा थोडं. ओले कपडे पाठीला चिकटले होते आणि समोरून भट्टीची धग लागत होती. ठरलेल्या आकड्याला पोचल्यावरही तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने जॅकची मूठ धरली आणि ती इतकी सावकाश सोडली की तबकडीवरचा काटा थरथरलासुद्धा नाही. वजन तुकड्यावर आलं. तुकड्याने ते घेतलं.

फोन वाजला. अंजना होती.

“गारीनं सारे टमाटे झोडपले. मेथी त मातीतच गेली. बाबा मळ्यात उभे हायेत, घरात याले तयार नाहीत.”

“येतो मी.”

“तुमच्याकडे बी पडली काय? तुटला काय तो?”

“तुटला असता,” गोपाल म्हणाला. “मी तुटू देल्ला नाही.”

पलीकडे पंजाबराव कोणाला तरी ताडपत्री आणायला ओरडत होते.

“बरं,” ती म्हणाली. “सांभाळून या. रस्त्यात झाडं पडली असतीन.”

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला आली तेव्हा त्याने तिला आधी काल काय घडलं ते सांगितलं. तापमानाचा आलेख यंत्रात आपोआप उमटलेला होता. तिने तो पाहिला. वीज गेल्यावर उतरलेली रेघ, मग पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली, आणि ठरलेल्या आकड्याच्या वर कुठेही न गेलेली.

“हातानं केलं हे तुमी?” ती म्हणाली. “चांगलं सांभाळलं.”

“आनखी एक सांगाचं हाये.”

त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. ते इंजिन, तो कॅमेरा, ती चौकशी. उज्ज्वला ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. राग आला होता, पण तो फक्त त्याच्यावरच होता असं नाही.

“हे पहिल्या दिवशी काहून नाही सांगितलं?”

“वाटलं, तू मले हात नाही लावू देशीन.”

“नसताच लावू देल्ला!” तिने आलेखावर बोट आपटलं. “आता हे कोनी वाचलं आन् तुमचं नाव कोनाले समजलं, त काय म्हनतीन? ज्याच्यावर आळ व्हता त्याच्याच हातात भट्टी व्हती.”

“म्हनूनच सांगून राह्यलो.”

ती खुर्चीत बसली. बाहेर डाळ मिलचा पट्टा सुरू झाला होता.

“मले सरांले सांगा लागन, गोपालभाऊ.”

“सांग ना.”

प्रसेनजित सरांनी त्याच दिवशी तुकडे पाठवणाऱ्या कंपनीला कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. यंत्राने नोंदलेला आलेख निर्दोष आहे, चाचणी चालू ठेवा, पण त्या माणसाने पुढे यंत्राला हात लावू नये. सरांनी फोनवर गोपालला नोकरीवरून जा म्हटलं नाही. त्याला मागच्या खोलीत विटांच्या भट्टीवर बसवण्यात आलं. मधल्या दाराला कुलूप लागलं आणि किल्ली उज्ज्वलाच्या पर्समध्ये गेली.

“तुमाले वाईट वाटलं असन,” ती एकदा म्हणाली.

“नाही. बराबर हाये ते.”

खरोखरच त्याला वाईट वाटलं नव्हतं. उलट काटा दिसत नव्हता तेवढं बरंच होतं.

घरी अंजनाचं विचारणं मात्र थांबलं नाही. वाफे पुन्हा सारखे करून झाले, नवीन मेथी टाकून झाली. संध्याकाळी ती पाणी वळवता वळवताच लांबून हाक मारून विचारायची आणि तो लांबूनच हात हलवायचा.

एका शनिवारी गोपाल भट्टीतून विटा बाहेर काढत होता. मधल्या भिंतीपलीकडून आवाज आला. ‘धप्प’. फार मोठा नव्हता. वजनं वाळूच्या पेटीत पडल्याचा तो आवाज होता. त्याने चिमट्यातली वीट खाली ठेवली. किती तास झाले असतील, हे त्याला हिशोब न करताही माहीत होतं. ठरलेल्याच्या निम्मेही झाले नव्हते.

तो दारापाशी गेला, पण दार त्याने वाजवलं नाही.

पलीकडे उज्ज्वलाच्या चपला एकदा इकडे, एकदा तिकडे वाजल्या. मग बराच वेळ काही नाही. भट्टी थंड झाल्याशिवाय तुकडे काढता येत नाहीत. गोपालने उरलेल्या विटा काढल्या, नवीन भरल्या, दुपारचा डबा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. ऊन कलल्यावर कुलूप निघालं.

“या,” ती म्हणाली. “यंत्राले हात लावाचा नाही. फक्त पाहा.”

सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेल्या तुकड्याचं तोंड वर करून ठेवलं होतं. गोपालने डोळा टेकवला. आधी नुसता उजेड दिसला. मग एक खडबडीत, काळपट, डोंगराळ मुलूख. मधोमध बारीक काळी छिद्रं होती, एकमेकांना जोडत गेलेली. धातू ओतताना आत राहून गेलेल्या पोकळ्या.

“तिथून सुरू झाली भेग,” उज्ज्वला शेजारून सांगत होती. “मधातून. मंग बाहेर बाहेर सरकत आली. आता कडेले पाहा. कड शेवटपरेंत शाबूत व्हती. तुटाच्या एक मिनिट आधी बी बाहेरून पाह्यलं असतं, त हा तुकडा कोरा करकरीत दिसला असता.”

गोपालने भिंग फिरवून कड पाहिली. सबंध कडेवरून एक फेरी मारली, मग उलट दिशेने दुसरी. त्याच्या जुन्या कामातली ही सवय होती. उज्ज्वला थांबली होती. तिला वाटलं, तो रडेल किंवा काही तरी बोलेल. तिने पाण्याची बाटली टेबलावर त्याच्या हाताशी सरकवून ठेवली.

“नळीच्या कॅमेऱ्यात हे दिसलंच नसतं,” ती हळूच म्हणाली. “कोनालेच नसतं दिसलं, गोपालभाऊ.”

“हो,” तो म्हणाला. डोळा काढला नाही. “कोनालेच नाही.”

मग तो एकदम सरळ झाला.

“ह्या लॉटची पाती अजून उडून राह्यली असतीन.”

“काय?”

“चौकशीत माही चूक निघाली ना. मंग लॉट कोनी कायले थांबवीन? दोन इंजिनं त मीच पास केली व्हती, ह्याच लॉटची. अजून बी असतीन. आता तिथी कोनी तरी पोरगा नळी घालून पाहून राह्यला असन. चांगला मन लावून पाहून राह्यला असन.” त्याने सूक्ष्मदर्शकाकडे हात केला. “त्याले काय दिसनार?”

उज्ज्वलाने तुटलेल्या तुकड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “तिन्ही तुकडे झाल्याशिवाय निकाल द्याचा नाही, असं ठरलं हाये. अजून दोन बाकी हायेत. ते बी इतकेच दिवस घेतीन.”

“निकाल नको देऊ. नुसतं थांबवा म्हनून सांग.”

तिने कंपनीच्या माणसाला फोन लावला. शनिवारची संध्याकाळ होती, घंटी वाजून वाजून बंद झाली. दुसरा नंबर कार्यालयाचा होता, तिथे सोमवारी फोन करा असं यंत्राने सांगितलं. तिने प्रसेनजित सरांना लावला. तुकडा कसा तुटला, कुठून तुटला, ते सांगितलं. सरांनी विचारलं, “तुला खात्री आहे?”

“एका तुकड्याची हाये, सर. लॉटची नाही.”

“तेवढंच सांग मग. जास्त नको, कमी नको. सोमवारी मी त्यांच्याशी बोलतो.”

“पन सांगू कोनाले? कोनी उचलूनच नाही राह्यलं.”

गोपालने स्वतःचा फोन काढला. एक नंबर त्याने पुसला नव्हता, पण तीन वर्षांत लावलाही नव्हता. त्याने पडदा तिच्यापुढे धरला.

“हे इंजिनं थांबवू शकतात. फोन उचलतात, कव्हाबी लाव. पन तुह्या फोनवरून लाव.”

“कोन हायेत हे?”

“हरिसिंग साहेब. यायनंच मले काढलं.”

उज्ज्वलाने त्याच्याकडे पाहिलं. मग आकडे दाबले आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. दुसऱ्या घंटीला उचलला गेला. तिने आपलं नाव सांगितलं, प्रयोगशाळेचं सांगितलं आणि हिंदीत सगळं सावकाश सांगायला लागली. पलीकडून मध्ये एकदाच आवाज आला, जरा तुसडा.

“मेरा नंबर किसने दिया?”

तिने गोपालकडे पाहिलं. त्याने मान हलवली. नाही.

“वो जरुरी नहीं है, सर. आप लॉट का नंबर लिख लीजिए.”

तिने नंबर सांगितला. मग तो नंबर पुन्हा सांगायला सांगितलं गेलं. तिने पुन्हा सांगितला.

“बाहर से क्रॅक दिखता है?”

“नहीं, सर. बाहर से कुछ नहीं दिखता. अंदर से शुरू होता है.”

आता शांतता इतकी लांबली की फोन तुटला की काय असं उज्ज्वलाला वाटलं. तिने वाकून पडदा पाहिला. आकडे पुढे सरकत होते.

“तीन साल पहले मेरे यहाँ एक लडका था,” हरिसिंग म्हणाले आणि थांबले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “खैर. मैं अभी रुकवाता हूँ. सब. आप मुझे फोटो भेजिए.”

उज्ज्वलाने फोन बंद केला तेव्हा गोपाल तिथे नव्हता. तो मागच्या खोलीत विटांच्या भट्टीचा आकडा पाहत उभा होता. तिने मधल्या दाराला कुलूप लावलं, कारण दुसरा तुकडा अजून लावायचा होता.

त्या रविवारी तो कामावर गेला नाही. सकाळी वडिलांबरोबर मळ्यात पाईप बदलले. दुपारी उज्ज्वलाचा फोन आला, की अकरा इंजिनं थांबवली आहेत. त्याने बरं म्हटलं आणि तिच्या आईवडिलांची चौकशी केली.

अंजनाने जेवायला वाढलं. पंजाबराव जेवून बाहेर बाजेवर आडवे झाले होते. काल रात्री गोपालने तिला सांगितलं होतं ते फक्त इतकंच, की तुटला. तिने पदराने तोंड पुसलं होतं आणि ती लवकर झोपायला गेली होती. आता तिने सगळं सविस्तर सांगायला लावलं. छिद्रं, कड, फोन. हरिसिंगांचं बोलणं त्याने दोनदा सांगितलं, कारण तिने दोनदा विचारलं.

“आन् तुमी तिथीच व्हते? बाजूले?”

“हो.”

“तुमचं नाव सांगितलं काय मंग?”

“नाही.”

“कायले?”

गोपालने वरणात भाकर कुस्करली.

“नाव सांगितलं असतं, त साहेबानं आधी माहा इचार केला असता. हा खार खाऊन बोलून राह्यला का खरं बोलून राह्यला. विमानाचा इचार मंग केला असता.”

अंजनाने त्यावर विचार केला. तिला ते पटलं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं.

“मी त सांगितलं असतं,” ती म्हणाली.

“माहीत हाये मले.”

तिने चुलीवरची भाकर उलटली, फुगू दिली आणि न विचारता त्याच्या ताटात टाकली. त्याने नको म्हटलं नाही.